स्नायूतला तिसरा धागा : टायटिनची प्रतिकृती घरच्या साहित्यातून कशी बांधावी

अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रात स्नायूचे आकुंचन शिकवताना फळ्यावर बहुधा दोनच धागे काढले जातात. जाड धागा मायोसिनचा असतो आणि बारीक धागा ॲक्टिनचा असतो. बारीक धागे जाड धाग्यावरून आत सरकतात आणि स्नायू आखूड होतो. १९५४ साली ह्यू हक्सली व जीन हॅन्सन यांनी आणि त्याच वेळी अँड्र्यू हक्सली व रॉल्फ नीडरगेर्के यांनी मांडलेले हे चित्र आजही बरोबर आहे, परंतु ते अपुरे आहे. अमळनेर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी हा भाग शिकवत असे, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले होते की, आखाजीचा झोका पुढे गेला की आपोआप मागे येतो, मग ताणलेला स्नायू परत मूळ लांबीवर कोण आणतो? त्या दिवशी माझ्या फळ्यावरच्या चित्रात त्याचे उत्तर नव्हते. उत्तराचा मोठा भाग टायटिन या तिसऱ्या धाग्यात आहे, आणि तो धागा नुसता सांगून समजत नाही, हाताने ओढून पाहावा लागतो, या अनुभवातून पुढची कृती तयार झाली.

बांधायला घेण्यापूर्वी मूळ वस्तूची मापे माहीत असावीत, कारण आपली प्रतिकृती प्रमाणात असणार आहे. स्नायुतंतूतील आकुंचनाच्या सर्वांत लहान एककाला सार्कोमिअर म्हणतात. त्याच्या दोन्ही टोकांना झेड-चकत्या असतात आणि मधोमध एम-रेषा असते. जाड तंतू १.६ मायक्रोमीटर लांब असून तो मध्यभागी असतो, तर बारीक तंतू प्रत्येक झेड-चकतीपासून आत येतात आणि त्यांची लांबी प्राणी व स्नायू यांनुसार साधारण १ ते १.३ मायक्रोमीटर असते. टायटिनचा एक रेणू झेड-चकतीपासून थेट एम-रेषेपर्यंत, म्हणजे अर्धा सार्कोमिअर व्यापतो. एकच रेणू एक मायक्रोमीटरहून अधिक लांब असणे ही प्रथिनांच्या जगात विलक्षण गोष्ट आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनचे वस्तुमान सुमारे ६४,५०० डाल्टन (रेणूंचे वस्तुमान मोजण्याचे एकक) भरते. टायटिनचे तीस लाखांहून अधिक भरते, आणि मानवी टायटिनच्या पूर्ण साखळीत सुमारे ३४,००० अमिनो आम्ले मोजली जातात. स्नायूत मायोसिन आणि ॲक्टिन यांच्या खालोखाल याच प्रथिनाचे प्रमाण असते. प्रौढ माणसाच्या शरीरात ते अंदाजे अर्धा किलो असते.

एवढे मोठे प्रथिन इतकी वर्षे लपून राहिले, याचे कारण मजेदार आहे. प्रथिने वेगळी करण्यासाठी ती जेलमधून विजेच्या साहाय्याने पळवतात. लहान रेणू पुढे जातात, मोठे मागे राहतात. टायटिन इतके मोठे की नेहमीच्या जेलमध्ये ते शिरतच नसे आणि तोंडाशी अडकलेला गाळ समजून दुर्लक्षिले जाई. जपानमध्ये कोशाक मारुयामा यांनी १९७० च्या दशकात स्नायूतील लवचिक प्रथिनाला ‘कनेक्टिन’ म्हटले, आणि १९७९ मध्ये कुआन वांग व सहकाऱ्यांनी या महाकाय प्रथिनाला ‘टायटिन’ हे नाव दिले. दोन्ही नावे एकाच प्रथिनाची आहेत. १९९५ मध्ये झीगफ्रीड लाबाइट व बर्नहार्ड कोल्मेरर यांनी मानवी टायटिनचा संपूर्ण क्रम प्रसिद्ध केला, आणि आपल्या मापांपैकी काही त्यातूनच येतात.

साहित्य आणि प्रमाण

प्रमाण असे धरावे : एक मायक्रोमीटर म्हणजे २५ सेंटीमीटर, अर्थात अडीच लाख पट. हे प्रमाण सोयीचे आहे, कारण चार फुटी फळीवर सार्कोमिअर पूर्ण ताणूनही मावतो. या हिशेबाने जाड तंतू ४० सेंटीमीटरचा होतो. त्यासाठी ठिबकची १६ मिलिमीटरची नळी घ्यावी. रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात तिचा तुकडा कोणत्याही शेतावर मागितला तरी मिळतो. गुंडाळीतून आलेली नळी वाकडी असते, म्हणून तिच्या आत तुरीची सरळ काठी घालावी. बारीक तंतूंसाठी सायकलच्या चाकाच्या तारा उत्तम, कारण त्या मुळातच २५ सेंटीमीटरहून थोड्या मोठ्या असतात आणि किंचित कापल्या की मापात बसतात. अशा चार तारा लागतील. झेड-चकत्यांसाठी वीस सेंटीमीटर लांब आणि अडीच सेंटीमीटर उंच अशा दोन लाकडी पट्ट्या, टायटिनसाठी मोतीकामाचे अगदी बारीक मणी, मजबूत नायलॉनचा दोरा, पातळ रबरबँड, अर्धा सेंटीमीटर रुंदीची रिबीन, थोडा कापूस आणि सुतळी घ्यावी. यांशिवाय दोन गोल पेन्सिली, दोऱ्याचे रिकामे रीळ, पाण्याची लहान बाटली, मोजपट्टी आणि आलेखाचा कागद लागतो. पेन्सिली गोलच हव्यात. सहा कडांच्या पेन्सिलींवर नळी नीट सरकत नाही आणि सगळी मोजमापे बिघडतात. ही चूक मी पहिल्या वर्षी केली होती.

पहिली पायरी : परातीतला प्रयोग

मुख्य बांधणीपूर्वी दहा मिनिटे हा प्रयोग करावा, कारण तो टाळला तर पुढचे सगळे नुसते खेळणे होते. दीडशे मण्यांची माळ ओवून ती एका मोठ्या परातीत सरळ रेषेत ठेवावी आणि परात दोन्ही हातांनी हलकेच हलवत राहावे. माळ वाकते, मुडपते आणि तिची दोन टोके जवळ येतात. कितीही वेळ हलवली तरी ती पुन्हा आपोआप सरळ होत नाही, कारण सरळ राहण्याची रीत एकच आहे आणि मुडपण्याच्या रीती असंख्य आहेत. आता दोन्ही टोके बोटांत धरून मित्राला परात हलवायला सांगावे. माळ बोटांना आत ओढते आहे असे जाणवते.

टायटिनचा लवचिकपणा मुख्यतः असाच आहे. आत कोणतीही धातूची स्प्रिंग नसते; शरीराच्या उष्णतेने रेणू सतत थरथरत असतो, आणि ती थरथर त्याला मुडपलेल्या अवस्थेकडे नेते, म्हणून ताणल्यावर तो परत ओढतो. रबराचेही तसेच आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी रबरबँडला वजन लावून तो मूळच्या दुपटीहून अधिक ताणावा आणि त्यावर गरम पाण्यात भिजवून पिळलेले फडके धरावे. इतर वस्तू तापल्यावर प्रसरण पावतात, पण ताणलेले रबर आखडते आणि वजन थोडे वर उचलले जाते. जळगावच्या मे महिन्यात हा प्रयोग सावलीतून उन्हात नेऊनही काहीसा दिसतो. म्हणूनच या प्रतिकृतीत रबर वापरणे ही केवळ उपमा नाही. दोन्हीकडे बल त्याच कारणाने निर्माण होते.

दुसरी पायरी : सांगाडा

डावी झेड-पट्टी फळीच्या डाव्या टोकाजवळ आडवी ठेवून दोन खिळ्यांनी पक्की करावी. तिच्यात फळीपासून दीड सेंटीमीटर उंचीवर, मध्यापासून दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटीमीटरवर छिद्रे पाडून त्यांत दोन तारा घट्ट बसवाव्यात, अशा की त्या फळीला समांतर राहून २५ सेंटीमीटर बाहेर येतील. उजवी पट्टीही तशीच तयार करावी, पण ती खिळ्यांनी न ठोकता फळीवर सरकती ठेवावी. तिच्या दोन्ही टोकांशी फळीला बारीक पट्ट्या ठोकल्या की ती तिरकी होत नाही. नळीच्या मध्यावर लाल रेघ ओढावी, तीच एम-रेषा. नळी दोन पेन्सिलींवर, तारांच्या दोन ओळींच्या मधोमध ठेवावी. प्रत्यक्षात प्रत्येक जाड तंतूभोवती सहा बारीक तंतू असतात. फळीवर आपण त्याचा सपाट छेद दाखवतो आहोत.

दोन्ही झेड-पट्ट्यांत ५० सेंटीमीटर अंतर ठेवले की दोन मायक्रोमीटर लांबीचा आखडलेला सार्कोमिअर तयार होतो. दोन्हीकडच्या तारांची टोके त्या वेळी बरोबर लाल रेघेवर भेटली पाहिजेत. भेटली नाहीत तर तारांची लांबी तपासावी.

तिसरी पायरी : टायटिन ओवणे

हीच पायरी वेळ घेते आणि तो वेळ तिला द्यावा. टायटिनचे आपल्या दृष्टीने दोन भाग आहेत. जो भाग जाड तंतूला चिकटलेला असतो तो ताणला जात नाही. त्यातले घटक ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येतात आणि त्यातल्या मोठ्या आवर्तनाचे अंतर जाड तंतूच्या स्वतःच्या ४३ नॅनोमीटरच्या आवर्तनाशी जुळते. हा भाग दाखवण्यासाठी नळीच्या टोकापासून लाल रेघेपर्यंत सुतळी ताणून चिकटपट्टीने पक्की करावी. दोन्हीकडून येणाऱ्या सुतळ्या लाल रेघेवर भेटतात.

दुसरा भाग झेड-चकती आणि नळीचे टोक यांमधला मोकळा आणि लवचिक भाग होय. त्यात तीन प्रकारचे घटक दाखवायचे आहेत. पहिला म्हणजे घडी घातलेल्या गोळ्यांची माळ. टायटिनच्या प्रत्येक गोळ्यात साधारण ९० ते १०० अमिनो आम्ले असतात आणि त्याचा आकार सुमारे चार नॅनोमीटर असतो. आपल्या प्रमाणात तो एक मिलिमीटर येतो, म्हणून मणी शक्य तितके बारीक घ्यावेत. संपूर्ण रेणूत असे जवळपास तीनशे गोळे असतात. सहा सेंटीमीटर मणी नायलॉनच्या दोऱ्यात ओवावेत आणि त्याचे टोक डाव्या झेड-पट्टीच्या मध्याला लहान हुकाने अडकवावे. गाठ मारू नये. हुक पुढे काढावा लागणार आहे.

दुसरा घटक रबर. टायटिनच्या एका भागात प्रोलीन, ग्लुटामेट, व्हॅलीन आणि लायसीन ही चार अमिनो आम्ले फार मोठ्या प्रमाणात येतात; त्यांच्या एकाक्षरी खुणा जोडून त्याला पीईव्हीके भाग म्हणतात. तिथे गोळे बनत नाहीत, साखळी मोकळीच राहते. कापलेल्या रबरबँडचा दोन गाठींमध्ये तीन सेंटीमीटर भरेल असा तुकडा मण्यांच्या पुढे बांधावा.

तिसरा घटक शिवणकामाचा आहे. रिबिनीला ओळीने तीन चुण्या घालाव्यात आणि प्रत्येक चुणी अशी असावी की ती सुटल्यावर रिबीन सात मिलिमीटर वाढेल. सात मिलिमीटर का, तर टायटिनचा एक गोळा उलगडला की साखळीची लांबी सुमारे २८ नॅनोमीटर वाढते आणि अडीच लाख पटीत ती सातच मिलिमीटर होते. चुण्या शिवण्यासाठी दोऱ्याच्या रिळातला दोरा वापरू नये, तो तुटतच नाही. कापसाची फुलवात वळतो तसा थोडा कापूस बोटांनी हलकेच पिळून त्याचा बारीक दोरा करावा आणि प्रत्येक चुणीला एकेकच टाका घालावा. पीळ कमी पडला तर टाका फार लवकर तुटतो आणि जास्त झाला तर कधीच तुटत नाही. दोन-तीन वेळा करून पाहिल्यावर हात बसतो. कपाशीच्या गावातल्या मुलांना तर ते सांगावेही लागत नाही. चुण्यांसह तीन सेंटीमीटर भरणारी ही रिबीन रबराला जोडून तिचे दुसरे टोक नळीच्या टोकाशी सुतळीला बांधावे. उजवीकडेही हेच सगळे करावे. गोळ्यांचा काही भाग रबराच्या अलीकडे आणि काही पलीकडे ठेवणे हे टायटिनच्या खऱ्या मांडणीशी सुसंगत आहे.

चौथी पायरी : ओढणे आणि मोजणे

उजव्या झेड-पट्टीच्या मध्याला दोरा बांधून तो फळीच्या कडेवर बसवलेल्या रिळावरून खाली सोडावा आणि त्याला रिकामी बाटली टांगावी. बाटलीत २५-२५ मिलिलिटर पाणी घालत जावे. प्रत्येक वेळी २५ ग्रॅम वजन वाढते. दर वेळी दोन झेड-पट्ट्यांमधले अंतर आणि नळीच्या डाव्या व उजव्या बाजूच्या मोकळ्या जागा अशी तीन मापे लिहावीत. अंतराला २५ ने भागले की मायक्रोमीटर मिळतात. आलेखात अंतर आडव्या अक्षावर आणि वजन उभ्या अक्षावर घ्यावे.

आकडे प्रत्येकाच्या रबराप्रमाणे वेगळे येतील, पण आलेखाचा आकार सारखाच येतो. ५० सेंटीमीटरपासून सुमारे ६४ सेंटीमीटरपर्यंत फारसे वजन न लागता मणी सरळ होत जातात. त्यापुढे रबर ताणले जाऊ लागते आणि रेघ वर चढते. रबर तिप्पट लांब झाले तर अंतर ७६ सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे तीन मायक्रोमीटरच्या थोडे पुढे जाते. मग एखादा टाका तटकन तुटतो, अंतर एकदम वाढते आणि आलेखावर पायरी दिसते. १९९७ साली एकेक टायटिन रेणू अतिसूक्ष्म सुईच्या टोकाने ओढून पाहण्यात आला, तेव्हा आलेखावर करवतीच्या दात्यांसारख्या अशाच पायऱ्या आल्या आणि प्रत्येक दाता एका गोळ्याच्या उलगडण्याचा होता. त्या प्रयोगात गोळा उलगडायला दीडशे ते तीनशे पिकोन्यूटन (न्यूटनच्या लाख-कोटीव्या भागाहूनही लहान एकक) बल लागले. हळू ओढले तर कमी बल पुरते, हिसका दिला तर जास्त लागते.

आता पाणी थोडे थोडे काढत परतीची मापे घ्यावीत. परतीची रेघ चढतीच्या रेघेच्या खालून येते, आणि दोन रेघांमधली जागा म्हणजे ताणताना खर्ची पडलेली आणि परत न मिळालेली ऊर्जा. इथे प्रतिकृतीची एक मर्यादा स्पष्ट सांगावी लागते : आपला कापसाचा टाका एकदा तुटला की तुटला, परंतु खरा गोळा ताण कमी झाल्यावर काही क्षणांत पुन्हा घडी घालून बसतो. आजीच्या हाताखाली मांडे शिकलेल्यांना ही परतीची ओढ ओळखीची वाटेल; न मुरलेली कणीक हातावर फिरवून ओढली तर आखडते, आणि त्यामागेही गव्हातल्या प्रथिनांचीच जाळी असते, जरी तिची रचना टायटिनहून निराळी आहे.

पाचवी पायरी : मधोमध कोण ठेवतो?

माझ्या मते या प्रतिकृतीतला सर्वांत मोलाचा प्रयोग हाच आहे, आणि पाठ्यपुस्तकातल्या चित्रातून तो कधीच कळत नाही. अंतर ७० सेंटीमीटर करून उजवी पट्टीही तात्पुरती खिळ्याने अडवावी. नळी बोटाने दोन सेंटीमीटर डावीकडे ढकलून सोडावी. ती मध्याकडे परत येते, कारण उजवीकडचा ताण वाढलेला आणि डावीकडचा कमी झालेला असतो. आता डावीकडचा हुक काढावा. नळी झटकन उजवीकडे जाते आणि लाल रेघ मध्य सोडते. मग डाव्या बाजूच्या तारा आणि नळी यांच्यात जेमतेम आच्छादन उरते आणि तिकडचे मायोसिनचे, ॲक्टिनला धरून ओढणारे हात पकडणार तरी कशाला?

‘सर, हाई रबर कसाले?’ असे अहिराणीत विचारणाऱ्या मुलाला याहून चांगले उत्तर मला सापडलेले नाही. १९८६ मध्ये रॉबर्ट होरोविट्स, रिचर्ड पोडॉल्स्की आणि सहकाऱ्यांनी स्नायुतंतूंवर किरणोत्सर्गाचा मारा करून टायटिन आणि नेब्युलिन ही दोन महाकाय प्रथिने नष्ट केली. महाकाय प्रथिनांचे लक्ष्य मोठे असल्याने त्यांनाच किरणांचा तडाखा आधी बसतो. तेव्हा स्नायूचा निष्क्रिय ताण कमी झाला आणि जाड तंतूंची ओळ विस्कटली. नेब्युलिनविषयी एवढेच सांगतो की, तेही महाकाय असले तरी ते ताणले जात नाही. बारीक तंतूला बिलगून राहते आणि त्याची लांबी ठरवण्यात भाग घेते. प्रतिकृतीत सायकलच्या तारेवर रंगीत दोरा घट्ट गुंडाळून ते दाखवता येते.

सहावी पायरी : चिमटा

तोरणमाळचा घाट चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतरण्याने. उतरताना मांडीचा स्नायू आकुंचनाचा प्रयत्न करत असतानाच ताणला जातो. अशा वेळी स्नायू नुसत्या मायोसिनच्या हिशेबाने जेवढे बल यावे त्याहून जास्त बल देतो, आणि त्यात टायटिनचा वाटा आहे, कारण स्नायू कार्यरत करणारे कॅल्शियम पीईव्हीके भागाचा ताठरपणाही वाढवते. हे दाखवण्यासाठी रबराचा एक तृतीयांश भाग कपडे वाळत घालण्याच्या चिमट्याने दाबून धरावा आणि चौथ्या पायरीची मापे पुन्हा घ्यावीत. मोकळे रबर आखूड झाल्यामुळे तेवढ्याच वजनाने अंतर कमी वाढते.

एका सूचनेचा उल्लेख इथेच करतो, कारण ती दरवर्षी कोणीतरी करतो : रबराऐवजी मटणाच्या दुकानातून आणलेल्या स्नायूची पट्टी टांगू नये. मृत्यूनंतर ऊर्जा संपते, मायोसिनचे हात ॲक्टिनला घट्ट धरून राहतात आणि आपण मोजतो ती त्या पकडीची ताकद, टायटिनची नव्हे. पुढे मांस ठेवल्यावर कॅल्पेन हे विकर टायटिनचे तुकडे करू लागते, आणि मांस मऊ होण्यामागे तेही एक कारण आहे. शिवाय पट्टीभोवतीचे कोलॅजेन, म्हणजे आवरणातले चिवट प्रथिन, वेगळेच ओढत असते.

सातवी पायरी : हृदयाची प्रतिकृती

आता दुसरा संच तयार करावा, फक्त रबर आणि मणी यांची लांबी बदलून. टायटिनचे जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर असून त्यात ३६० हून अधिक एक्झॉन, म्हणजे प्रथिनाची माहिती असलेले तुकडे, आहेत. ते वेगवेगळ्या पद्धतीने जोडून शरीर एकाच जनुकापासून वेगवेगळ्या लांबीचे टायटिन बनवते. पोटरीतल्या सोलियस स्नायूच्या पीईव्हीके भागात २,१७४ अमिनो आम्ले असतात, तर हृदयातल्या आखूड प्रकारात फक्त १६३. पूर्ण सरळ केल्यास पहिला आपल्या फळीवर वीस सेंटीमीटर भरेल आणि दुसरा दीड सेंटीमीटर. म्हणून हृदयाच्या संचात रबर अर्धा सेंटीमीटर आणि मणी तीन सेंटीमीटर ठेवावेत. रिबिनीच्या चुण्या काढून ती साधी ठेवली तरी चालेल. वजनाचा तोच क्रम लावला की हा आलेख फार लवकर उभा चढतो. हृदयाचा कप्पा भरताना भिंत किती सैल पडेल हे यावर बरेच अवलंबून असते. गर्भाच्या हृदयात लांब आणि मऊ प्रकार जास्त असतो, आणि जन्मानंतर आखूड प्रकाराचे प्रमाण वाढत जाते. दोन्ही आलेख एकाच कागदावर वेगळ्या शाईने काढावेत.

टायटिनची साखळी अर्धवटच बनावी असे बदल जनुकात झाले तर हृदयाचा कप्पा फुगून त्याची ताकद कमी होण्याचा आजार उद्भवू शकतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या आजाराच्या कौटुंबिक रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्णांमध्ये असे बदल आढळले. विद्यार्थ्यांच्या घरात हृदयविकार असू शकतो, म्हणून हा भाग मी आलेख काढून झाल्यावर, घाई न करता सांगतो, आणि असा बदल असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असे नाही, हेही त्याच वेळी सांगतो.

फळी जपून ठेवायची असेल तर दोन्ही बाजूंचे हुक काढून रबर सैल करावे आणि रबराचे तुकडे बंद डब्यात सावलीत ठेवावेत. ताणलेले रबर एका उन्हाळ्यातच तडकते, आणि जूनमध्ये प्रतिकृती बाहेर काढल्यावर डावीकडचे रबर तुटलेले, उजवीकडचे धड आणि नळी उजव्या झेड-पट्टीला टेकलेली, असे दृश्य मी दोनदा पाहिले आहे.